सरकार मरत नाही

बाबा, आज दुपारी टीव्हीवर राज्याचं बजेट होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बजेटच्या दिवशी आपल्या क्वार्टरची ओसरी डोळ्यांसमोर येतेच. तुम्ही स्टील प्लँटमधून येऊन हातही न धुता रेडिओला कान लावून बसला आहात. आई स्टोव्हवर चहा ठेवते आहे. शेजारचे काका बिडीचा भाव ऐकायला आलेत. भाव कळले की बाकीचे उठतात. तुम्ही मात्र तुटीचा आकडा येईपर्यंत हलत नाही. सरकार कमावतं किती, खर्चतं किती, मधलं कर्ज कुणाकडून आणतं, हे आम्हाला समजावून सांगता. मी विचारते, "बाबा, याच्यात आपलं नाव येते का?" काका हसतात. "आलं नं! तुया बापाच्या बिडीवर टॅक्स बसला, थेच तुमचं नाव."

इतकं कर्ज झालं तर सरकारच्या दारात सावकार येईल, अशी मला भीती वाटली होती. तुम्ही म्हणालात, "सरकार मरत नाही, पोरी. माणूस मरते म्हणून सावकाराले घाई असते. सरकार आज नाही तं उद्या देतेच." माझी शाळा मधेच सुटली, पुढं जे शिकले ते पेपर आणि मागून आणलेली पुस्तकं वाचून. त्या सगळ्याच्या तळाशी तुमचं हे वाक्य होतं.

माझ्या नवऱ्यानं दुर्गजवळ हथखोजच्या कारखान्यांच्या वसाहतीत भाड्यानं पत्र्याची शेड घेतली, सरकारी शाळांसाठी बेंच बनवले. बेंच गेले, पोरं त्यांवर बसली, बिल पास झालं, पैसे आले नाहीत. दुर्गच्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात मीही यांच्यासोबत जायची. तिथला बाबू भला माणूस. खुर्ची द्यायचा आणि म्हणायचा, "भाभीजी, बिल में कोई कमी नहीं है. फंड ही नहीं आया. मार्च के बाद देखते हैं." मार्च यायचा, जायचा. नवं बजेट यायचं, त्यात नव्या घोषणा असायच्या, आमचं बिल जुनंच राहायचं. वाचून मला एवढं कळलं की नवं कर्ज बरंचसं जुन्याच्या व्याजात जातं. पगार, पेन्शन थांबवता येत नाही. थांबवता येतं ते आमच्यासारख्यांचं. यात कुणी चोर नव्हता, बाबा. चोर असता तर त्याच्या दारात जाऊन ओरडले तरी असते.

हे आजारी पडले तोवर लोखंडवाल्याची उधारी डोक्यावर चढली होती. दवाखान्यात यांचा हात धरून मी तुमचं वाक्य सांगितलं. सरकार मरत नाही, पैसे येतील. हे माझ्याकडं पाहून हसले. "सरकार नाही मरत वो. मी तं मरून राहिलो नं." त्यानंतर ते वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. हे गेले, पैसे अजून आलेले नाहीत.

उद्या मुलगा शेडची किल्ली देऊन टाकणार आहे. वेल्डिंगची मशीन लोखंडवालाच घेऊन जाईल. तरी त्याची उधारी पुरती फिटणार नाही. दुपारी बजेट लागलं तसा मुलगा रिमोट शोधायला उठला. "बंद कर नं, आई. काय ऐकून राहिली?" मी म्हटलं, राहू दे. तुमच्यासारखीच तुटीपर्यंत बसले, त्याच्याही पुढं, सभागृह उठेपर्यंत.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्याशी भांडायचंही त्राण आता उरलं नाही. मुलाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. मी यांचं नाव येईल म्हणून ऐकत होते.