गाडीचं हँडल मी पुढे घेतलं

आई,
तू देवळातून येशील तेव्हा घरात कोणी नसेल. अण्णा घणसोली गावाच्या वळणावर गाडीवरून पडले. शुद्धीवर आहेत, मनगट मोडलंय. त्यांचे कपडे न्यायला आलो होतो, परत वाशीला दवाखान्यात जातोय. खालच्या नलवडे काकूंच्या फोनवर फोन करतो, तू तिथेच थांब.

चूक माझी आहे. दसऱ्याची म्हणून सकाळी गाडी धुतली, तेव्हा हँडल सीटकडे फारच ओढलेलं दिसलं. मला वाटलं, ढिलं होऊन सरकलंय. नट सैल करून पुढे घेतलं, घट्ट केलं, वर हार घातला. अण्णा बसले, हात लांबवला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि तसेच निघाले.

डॉक्टर म्हणतात, त्यांचा उजवा खांदा वर्षभर जाम आहे, हात पुढे जातच नाही. म्हणजे हँडल त्यांनीच जवळ घेतलं होतं. मला अजून खरं वाटत नाही.

शर्ट निघेना म्हणून नर्सने बाही कापली. आई, रोज सकाळी तुम्ही दोघं दार लावून घेता, ते शर्ट घालायला होतं? आणि मी बाहेरून ‘किती वेळ’ म्हणून ओरडायचो.

राजू