शेगडीजवळची जागा

कुम हेबोग, वेल्स
१५ फेब्रुवारी १९३४

चिरंजीव जावई एम्रिस,

आशीर्वाद. तिकडच्या कारखान्यातलं काम आता अंगवळणी पडलं असेल. माझा खोकला आहे तसाच आहे. खाण बंद ती बंदच. हे पत्र तुझ्या नेस्टाला न सांगता लिहितो आहे, आणि तिला दिलेला शब्द त्यात मोडणार आहे.

चॅपलमागच्या खोलीत दर मंगळवारी नगरपरिषदेचा बाळांचा दवाखाना भरतो, हे तुला माहीतच आहे. शेगडी मीच पेटवतो, बाकं मांडतो. नर्स प्रोबर्ट बाळं तोलते, आयांना दूध देते. पण आया स्वतः पीत नाहीत, घरी नेऊन थोरल्या पोरांना पाजतात. म्हणून नर्स आता प्रत्येकीला पेला समोर संपवायला लावते. शेजारची बोवेनबाई म्हणाली, "शाळेत मास्तरांचाही एवढा वचक नव्हता, बाई."

नेस्टाही येते. शेगडीजवळची तिची जागा ठरलेली. बोवेनबाई पूर्वी चिडवायची, "बाप विस्तव घालतो म्हणून ऊब तुलाच का गं?" आता चिडवत नाही.

परवा डोंगरापलीकडून एक नवी पोरगी आली होती. नेस्टा आपल्याकडच्या बायका मूल शालीत अंगाशी बांधून घेतात तशी शाल घट्ट गुंडाळून बसली होती, आतून हळूहळू थोपटत. पोरगी म्हणाली, "किती शहाणं गं तुझं. माझं बघ, सकाळपासून गळा काढतंय. दाखव ना."

नर्सनं त्या पोरीचा खांदा धरला. "तुझा नंबर आला, चल."

"पण ही माझ्या आधीची आहे."

"चल म्हटलं ना."

एम्रिस, शालीत काही नव्हतं.

तुमचा टायलो जानेवारीतच गेला. छाती भरली. चार खोऱ्यांना मिळून एक डॉक्टर. तो येईतो सगळं संपलं होतं. बाळाला तुझ्या सासूच्या थडग्याशेजारी पुरलं आहे. नेस्टा म्हणाली, "बाबा, कळवू नका. तो नोकरी सोडून येईल, मग परत कोण घेणार?" मलाही ते पटलं.

तो गेल्यावर त्याला दात आल्याचं तिनं तुला कळवलं, ते पत्र मला वाचून दाखवलं होतं. तुझं मन राखायला लिहिते आहे असं मला वाटलं. पण घडी घालता घालता ती म्हणाली, "दुसराही दिसायला लागलाय, बाबा." तेव्हापासून मला तिची भीती वाटते.

नर्स तिला हाकलत नाही, तिच्यापुढेही दुधाचा पेला ठेवते. तो तसाच निवतो. डॉक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, हे खातं फक्त बाळांचं, आयांच्या दुखण्याचं नाही. मी रोज प्रार्थना करतो. माझ्यापर्यंत उत्तर आलेलं नाही.

इथं तुला काम मिळणार नाही. तिथली जागाही जाईल. तरी ये. तिला समजावत बसू नकोस. आधी तिच्या अंगावरची ती शाल सोडव. माझ्याच्यानं ते झालं नाही.

टायलोचा आजोबा,
इथेल