झाकलेल्या कपाचा खेळ

३ नोव्हेंबर १९९७
श्रीरामपुरात पोचलो. स्टेशनवर कॉम्प्युटर क्लासवाला गोरक्षनाथ हार घेऊन उभा. माझ्या ‘झाकलेला कप’ मालिकेचे तेराही भाग त्याने कॅसेटवर जपलेत. एवढी निष्ठा सख्ख्या बायकोनेही दाखवली नाही. मालिका मध्येच बंद पडली, खुनी कळलाच नाही. आता तिचा पुढचा अवतार म्हणून कॉम्प्युटरवरचा खेळ करायचाय. उतरलोय सहादेव-लंकाबाई या नवरा-बायकोच्या माडीवर. सहादेव इतका गरीब की मुंगीलाही वाट देईल. त्याचा पहिलाच प्रश्न, साहेब, शेवटाला खुनी कोन निघतो ओ?

५ नोव्हेंबर
खेळ बनवते क्लासातली यशोधरा. हुशार, हसते मोजून. नियम मालिकेचाच: बळीपुढे बशी झाकलेला कप येतो. बशी उचलली की कप रिकामा. मग गळ्याला दोरी.
तिनेही विचारलं, खुनी कोण? खरं सांगितलं, मी ठरवलंच नव्हतं. तेरा आठवडे सगळ्यांना टांगून ठेवलं. ती म्हणाली, सर, कॉम्प्युटरला थापा चालत नाहीत. खुन्याचा रकाना भरल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, आणि भरला की कुलूप. मग मलाही बदलता येणार नाही. गंमत म्हणून लिहिलं, सहादेव. बळींच्या यादीत गोरक्षनाथ, यशोधरा आणि शेवटी मी. स्वतःच्या लिखाणात कुठेतरी मरायची माझी जुनी हौस.

९ नोव्हेंबर
गोरक्षनाथ गेला. भरदुपारी, क्लासात. गळ्याला कपडे वाळत घालायची दोरी, टेबलावर रिकामा कप, शेजारी बशी. पोलीस म्हणतात, धंद्यातलं वैर. मी यशोधराला म्हणालो, खेळाची जाहिरात फुकटात झाली. ती हसली नाही.
लंकाबाईंनी विचारलं, गच्चीवरची माझी दोरी कुनी नेली?

१२ नोव्हेंबर
यशोधरा. तसाच कप.

१३ नोव्हेंबर
सहादेवच्या तळहातांवर वळ. रडत सांगत होता, मधलं काईच आठवत न्हाई साहेब, डोळं उघडलं की हात दुखत्यात. पोलिसांना काय सांगू? खुन्याची नेमणूक मीच केली म्हणून?
यादीत आता एकच नाव. माझं.

१४ नोव्हेंबर
क्लासात गेलो. खुन्याच्या रकान्याला कुलूप. बळींची यादी उघडी. माझ्या नावावर जाऊन लिहिलं — लंकाबाई. सकाळीच तिने मला तव्यावरची भाकरी वाढली होती.

१५ नोव्हेंबर
लंकाबाई. हौदाजवळ. सहादेवच्या खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं. चांगलं जमलं.
चारची एस.टी. आहे. जाता जाता क्लासात डोकावलो. तीस वर्षं टाइपरायटर बडवला. तिथे अक्षरावर अक्षर बसतं. इथे कॉम्प्युटरवर माझं नाव पुसलंच नव्हतं. एक ओळ खाली सरकलं होतं, आणि आता यादीलाही कुलूप.

साडेतीन
बॅग घ्यायला वर आलो — जिन्यात पावलं — कडी लावली, पण खिळखिळी —
सहादेव बोलावतोय. अगदी अदबीने. च्या न घेता कसं जाता साहेब —
च्या करणारी तर —
कडी निघाली. कप माझ्यापुढे ठेवलाय. तो दारात उभा. हात मागे.
बशी गार लागते. असू दे, गार चहाही चालेल, घोटभर असला तरी — एका हाताने लिहितोय, दुसऱ्याने बशी उचल