उजव्या पंखाखालचा पिवळा

१२ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचं गुडघ्यांचं रडगाणं चालूच आहे, पण जेवण व्यवस्थित. वहिनींचा खोकला गेला का, कळव.

संग्रहालयातलं माझं रंगकाम निम्मं झालं. तुमच्या कंपनीचं ते म्हातारं मालवाहू विमान पुन्हा युद्धातल्या रंगात आणायचंय. आमची पद्धत तुला ठाऊक आहे. आधी वीतभर जागा हलक्या हाताने घासायची, म्हणजे एकेक रंग पायरीसारखा उघडा पडतो. डाव्या पंखावर वर तुमचा नारिंगी, त्याखाली प्रवासी कंपनीचा पांढरा, मग लष्करी हिरवा आणि त्यावर छत्रीधारी सैनिक उतरवायच्या दिवसांतले काळे-पांढरे पट्टे. एवढे कपडे तर तू तुझ्या लग्नातही बदलले नव्हतेस.

मागच्या आठवड्यात तू आमच्या प्रमुख बाईंना फोन केलास म्हणे. जुना पत्रा घासला की पातळ होतो, पंखांवर नुसता वरून रंग मारा, असं सांगितलंस. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षांत तू त्या विमानाची साधी विचारपूस केली नाहीस. आताच त्याच्या पत्र्याची एवढी काळजी? बाईंनी मला ते सहज सांगितलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दुसऱ्या दिवशी मी उजवा पंख घासायला घेतला.

नारिंगीखाली पिवळा निघाला. त्याखाली थेट पत्रा. जागा चुकली असेल म्हणून आणखी पाच ठिकाणी घासलं. पाचही ठिकाणी पिवळाच.

तुमच्या आवारात पिवळं विमान एकच होतं, भंगारात काढलेलं. बाबा तेच सांगत होते ना? "त्याचा तडा गेलेला पंख ह्याला बसवलाय, मी सही करणार नाही." कंपनीने त्यांना खोटारडं ठरवून काढलं. संग्रहालयाच्या फायलीत तपासणीचा कागद आहे: दोन्ही पंख मूळचे. खाली तुझी सही. त्याच वर्षी तू बाबांच्या जागेवर मुख्य तपासनीस झालास. इतकी वर्षं मी त्याला योगायोग समजत आले.

संशयाने माणूस आंधळा होतो, हे मला कळतं. तुझी नोकरी नवी होती, घरात मिळवता तू एकटाच उरणार होतास. कुणी दमदाटीही केली असेल. तसं असेल तर सांग, मी ऐकेन. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तुझा फोन मला तसाच वाटला.

आता माझं. शेवटच्या आजारपणात बाबा मला म्हणाले होते, "तू रंगवाली आहेस. कधीतरी तो पंख घासून बघ."

मी म्हटलं, "बाबा, पुरे आता. दादा कशाला खोटं लिहील?"

त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यापाशी काढला नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. फार लाज वाटते.

अहवालात मी पिवळा लिहिलाय. तो सोमवारी जाईल. तुझी नाचक्की व्हावी असं मला वाटत नाही, पण निघालेला रंग लपवणं माझ्याच्याने होणार नाही. त्याआधी रविवारी घरी ये. आई आजही शेजारणींना सांगते, ह्यांनी तोंडाने नोकरी घालवली, मुलाने घर सावरलं. तिच्यासमोर बस आणि खरं काय ते सांग. मी शेजारी बसेन, माझंही सांगेन. तू आला नाहीस तर मी एकटी सांगेन, आणि तुझं नाव घेऊन सांगेन.

रविवारपर्यंत तुझीच,
धाकटी