मोळीबंदीचा ठराव

१२ फेब्रुवारी १९९६, सकाळ
भागीरथे, सून तू माझी, लेखणीबी तूच. पण कालचं लिवलेलं वाचून दाखव म्हणलं तर वही कुठी ठेवली तेच इसरलीस. ज्वारीच्या कणगीत सापडली! तुझ्या भरवशावर मी सरपंचकी करून राह्यली. लिव: बायांच्या राखीव जागेवर निवडून आली, आता जंगल वाचवीन. पह्यला ठराव मोळीबंदीचा. नाल्यावर कुऱ्हाड दिसली की जप्त. सरपंचाच्या घराले लाकूड आलं तरी गुन्हाच. आजपासून तंबाखूबी बंद.

१३ फेब्रुवारी
तंबाखू एकदाच. ठराव पास. खुर्चीवर माझा लेक सुधाकर बसला, माझे गुडघे दुखतात म्हणून. बोललाबी तोच. हार मात्र माझ्या गळ्यात.

२० फेब्रुवारी
पह्यली कुऱ्हाड जप्त, मनकर्णाची. नवरा नाई, मोळी इकून अन् मोहाची फुलं येचून पोट भरते. म्हणे, जयवंताबाय, तुझ्या मतांसाठी घरोघरी मीच फिरली, आता खाऊ काय? मी म्हणलं, उपास कर, पुण्य लागते. सारे हसले. ती नाई. काही बायांले इनोदच कळत नाई.

३ मार्च
सुधाकरनं सहा कागदं आणली, सारी आंध्र सरकारच्या तेलुगूत. झाडं लावायची हायेत म्हणे. सहाही ठिकाणी अंगठा. वाचत बसणारे मागं राह्यतात.

१७ मार्च, दुपार
नाल्यावरचे मोहाचे अकराही झाडं ठेकेदाराच्या ट्रकात गेले. ऐन फुलांच्या दिवसांत. सुधाकर त्याच ट्रकात बसून आदिलाबादले गेला. नवीन रोपं आणाले गेला असंन. बाया दारात. मोळीले जप्ती अन् ट्रकाले सलाम काऊन, म्हणे. मनकर्णानं ड्रायवरच्या हातचा झाडं तोडायचा परवाना हिसकून आणला होता, खाली अंगठा. मी म्हणलं, अंगठे साऱ्याईचे सारखेच. ती म्हणे, अन् ही तुझ्या विळ्याच्या घावाची आडवी रेघ? मी हात पदराखाली घेतला. मार्चातबी थंडी वाजते कधी कधी.

१९ मार्च
ठराव गावानं लई मनावर घेतला! आमच्या घरी कोणी काडी देत नाई. कपाशीची वाळली पऱ्हाटी मागितली, तेबी नाई. मनकर्णा समोर बसून आमच्या छपराच्या कवेलूतून धूर निघते का पाहून राह्यली. एवढी शिस्त आख्ख्या मंडलात नाई.

२२ मार्च, संध्याकाळ
चौथा दिवस, चूल थंड. भिजवलेले चणे हायेत, दात नाईत. सुधाकरचा पत्ता नाई. ठेकेदारानं टाकलेले मोहाचे ढलपे बायाईनं येचून नेले. कुऱ्हाड त्याईनं लावली नाई, म्हणून माझ्या कायद्यात बसते. चांगला कायदा करणाराले अभिमानच वाटते. मनकर्णाच्या अंगणात साऱ्याईचा सैपाक एका चुलीवर. तूबी तिथंच जेवतेस, भागीरथे, तोंड पुसलं म्हणून वास जात नाई. वही ठेव अन् जा. तुझं जेवण नंतर. आधी माझ्यासाठी आण ज्वारीच्या दोन भाकरी, मऊ, अन् अंबाडीची भाजी. मनकर्णानं इचारलं तर सांग, गायीसाठी पाह्यजे. ठेचा मागू नको. गाय ठेचा खात नाई.