भोकाभोकांची यशोदा

नागपूर, २८ जुलै २०२५

ती. मोठ्या आईस,
तृप्तीचा सा. न. वि. वि.

एकोडीच्या देवळातल्या कृष्णजन्माच्या भिंतीसाठी चित्राची गुंडाळी साकोलीच्या बसने पाठवली आहे. कॉलेजात सध्या पाचशे वर्षांपूर्वीची इटलीतली देवचित्रं शिकतो आहोत: मेरी आणि तिचं बाळ, कागदावर लाल खडूने काढलेली. तिथले चित्रकार आधी त्रिकोण धरत. वर आईचं डोकं, खाली पसरलेला पदर, मधोमध बाळ. आईची नजर खाली, म्हणजे बघणाऱ्याचीही बाळावरच जाते. मी यशोदेला तशीच बसवली, फक्त नऊवारी नेसवून. माझी पहिली भिंत आहे, हातची जाऊ देऊ नकोस.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस),
तृप्ती

एकोडी, १ ऑगस्ट

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

यशोदा फार गोड आहे. पण बाई, कागदाला कसर लागली गं! रेघेरेघेवर बारीक भोकंच भोकं. जीव हळहळला. धानाची रोवणी चालू असूनही मी आणि तुझ्या कामिनीवहिनीने बसून, भाताची खळ लावून, मागून कागद डकवले. एक भोक ठेवलं नाही. देवळाचे वासुदेवराव म्हणतात, पोरीची वाट कायले पाहाची? दहा तारखेच्या रविवारपर्यंत भिंतीवर काही दिसलं नाही, तर ते फ्लेक्स लावणार. काय करू, कळव. आणि जेवत जा.

तुझी मोठी आई

नागपूर, ४ ऑगस्ट

ती. मोठ्या आईस सा. न.

आधी रडले, मग पोट दुखेपर्यंत हसले. अगं, ती भोकं मीच सुईने पाडली होती! इटलीतलेही तसंच करत. कागद भिंतीला धरायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची, कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांचं चित्र. तुझ्या रांगोळीच्या छाप्यासारखंच. सांगायचंच राहिलं. सोमवारी माझी परीक्षा आहे, रविवारी येता येत नाही. भिंत आता तुझ्या सुईच्या टोकावर आहे.

काळजीत पडलेली,
तृप्ती

एकोडी, १२ ऑगस्ट

चि. तृप्तीस पोटभर आशीर्वाद.

डकवलेलं सगळं पुन्हा टोचलं. शेजारच्या केशरबाईही सुई घेऊन आल्या. रविवारी पुरचुंडी आपटून आम्ही तिघी अशा काळ्या झालो की तुझे मोठे बाबा ओळखीनात. कागद काढला आणि भिंतीवर यशोदा! रंग नाही, रेघ नाही, नुसते ठिपके, पण नजर बरोबर बाळावर. मला भरूनच आलं. केशरबाईंना तर राहवेना. घरून लोणी आणून बाळाच्या ओठांना लावून मोकळ्या.

तेवढ्यात वासुदेवराव फ्लेक्स घेऊन हजर. बाळाच्या ओठांवरचं लोणी वाकून बघितलं. मग म्हणाले, ज्यानं लोणी खाल्लं, त्याले आता झाकाचं कसं? फ्लेक्स त्यांच्या गोठ्यावर गेला.

भिंत तुझी झाली, पोरी. आता रंग घेऊन धावत ये. केशरबाई रोज लोणी आणून राहिल्या आहेत, आणि बाळाचं तोंड पुसट होत चाललंय.

माया आहेच, ती उतू जाऊ दे.
तुझी मोठी आई