झऱ्यामागचं तळहाताएवढं

७ मार्च ५४, रविवार
नातीनं, कुसूमनं, कॉलेजातनं परत कचरा आणला. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं हिरवं, चपटं, शेंड्याला दुभंगलेलं शेवाळ. तिचा मास्तर म्हणतो, इंग्रजीत ह्याला काळजावरून नाव हाय. बकऱ्याचं काळीज असतं तर शिजवलं तरी असतं. माझ्या घागरीला खेटून ठेवलेलं. मोरीत फेकलं. रडली. रडू दे.

९ मार्च
हे म्हणे डोंगरातच, दाट झाडीत, बारा महिने ठिबकणाऱ्या दगडावर येतं. झाडी तुटली की गेलं. कुसूमच्या नकाशावर दोनच लाल टिंबं, हे सापडलं त्या जागांची. परीक्षेला तिसरं पाहिजे. माझ्या माहेरी, गगनबावड्याच्या अंगाला, देवराईतल्या झऱ्यावर ह्याच्यावरनंच घसरून लहानपणी दात पाडून घेतलाय. पण तिथं जायचं म्हणजे भावाचं, दत्तूचं, तोंड बघायचं. सहा वर्षं बोलणं नाही.

१२ मार्च
पोरगी जेवेना. शेवटी झऱ्याचं सांगून टाकलं. दत्तूला कार्ड टाकलं. "कॉलेजचा मास्तर झरा बघायला येणार. नात आणि मी बरोबर." वर नमस्कार नाही, खाली आशीर्वाद नाही.

२१ मार्च, रविवार
एस.टी.त मास्तर मांडीवर चाकू घेऊन.
"आधीच्या दोन जागी आता काही उरलं नाही, आजी. छापून आलं आणि गावोगावची कॉलेजं येऊन खरवडून गेली."
"आणि तू?"
"मी सगळ्यांच्या आधी," म्हणून हसला. मेला.
देवराईत चपला बाहेर काढायच्या, पाचोळाही न्यायचा नाही. ह्यानं चपला काढल्या, चाकू नाही.
झरा बघते तर पांढराफेक. पावणं येणार म्हणून दत्तूनं चार गडी लावून काथ्यानं, राखेनं दगड घासलेले, वर चुना. हिरवं नखभर नाही. मास्तर मटकन बसला.
दत्तू म्हणतो, "काय झालं पावणं, ऊन लागलं व्हय?" मग माझ्याकडं वळून, "बघ की आक्का. आता तरी म्हणू नको शेवाळ माजलंय."
आईच्या दिवसाला चारचौघांत मीच बोलले होते. आई गेली, झऱ्यावर शेवाळ माजलं, तुझ्या हातात घासायचंबी बळ न्हाय. तिथनं बोलणं तुटलेलं.
शिव्या ओठापर्यंत आल्या. गिळल्या. कडू लागल्या.

२२ मार्च
सकाळी मास्तर उठायच्या आत एकटीच गेले. झऱ्यामागं कातळाच्या पोटात, जिथं आम्ही पोरी लपायचो, तिथं वाकून बघितलं. हाय. तळहाताएवढं. वळते तर मागं कुसूम उभी. तिला म्हटलं, तोंड उघडलंस तर...

२८ मार्च, रविवार
"टिंब दिलं नाही तर नापास होईन, आज्जी."
"आणि दिलं तर?"
नकाशाची घडी घालून ठेवली. मास्तरनं तिला सांगून ठेवलंय, कुठं दिसलं तर लगेच कळव, सगळंच उचलू. सगळंच! ह्याच्या बापानं लावलंय.

३१ मार्च
दत्तूचं कार्ड. सहा वर्षांत पहिलं. "आक्का, मागची बाजू राहिली. पुढच्या सोमवारी कातळाच्या आतपर्यंत घासून घेतो. तुझं बोलणं नको."
घासू नको म्हणावं तर विचारणार, का? शेवाळ राहू दे, हे मी कुठल्या तोंडानं लिहू? माझं चुकलं, हे आधी लिहावं लागणार. ते अजून नवऱ्यालाही कधी म्हटलं नाही.
कुसूम नकाशा पसरून समोर बसलीय, हातात लाल पेन्सिल. माझ्याकडं बघतीय, मी तिच्याकडं. डाकवाला चारला येतो.
"चि. दत्तूस," एवढं लिहून झालं.